‘ठाण्यावर दुसरी’विषयी आलेले अभिप्राय

जयनगर, बेंगळुरू
१३ जानेवारी २०२५

श्रीमती प्रतिमा हुद्दार, धारवाड, यांस,

आपली ‘ठाण्यावर दुसरी’ ही कादंबरी गेल्या जुलैत आमच्या वाचनालयात आली. तेव्हापासून ती कपाटात सलग चार दिवस राहिलेली नाही. आमचे वाचनालय लहान आहे. दोन खोल्या, अकरा कपाटे, खाली लग्नाचा हॉल. रविवारी सनई वाजत असते आणि वर आम्ही पुस्तके बदलत असतो.

येथील पद्धत अशी. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असतो. वाचून झाल्यावर सभासदाने त्यावर अभिप्राय लिहायचा. खाली नाव, सभासद क्रमांक आणि सही. सही नसलेला अभिप्राय धरला जात नाही. हा नियम मी केला आहे. ज्याला आपल्या म्हणण्याखाली नाव घालता येत नाही, त्याने म्हणू नये. कागद भरला की त्याची नक्कल लेखकाला पाठवतो. आपल्या कादंबरीवरची नक्कल खाली देत आहे. एकही शब्द बदललेला नाही.

१. “शास्त्र चोख. शनीच्या चंद्रावरील बर्फाचे वर्णन वाचताना मी पंखा बंद केला. परंतु दोन बायकांचे प्रेम कशासाठी? नवरा-बायको असते तरी यान उडालेच असते.” – पद्मनाभ हेरेकर, स. क्र. ३१

२. “खूप रडले. पण ईराला माफी दिलेली पटली नाही. माझ्या जावेला मी अजून माफ केलेले नाही, आणि तिने फक्त कुकर नेला होता.” – रम्या तोरगल, स. क्र. ८८

३. “पहिल्या भागापेक्षा कागद चांगला आहे.” – श्रीहरी मुतालिक, स. क्र. ९

४. “अशा दोघी शेवटी जिवंत आणि एकत्र राहतात, हे मराठीत वाचायला मिळालं. व्हाइटफील्डला जाताना मेट्रोत वाचत होते, दोन स्टेशनं पुढे गेले. थँक यू, मॅम.” – वेदिका निंबाळ, स. क्र. ११२

५. “दार उघडायला नको होते. जिने सही केली तिच्यासाठी अठ्ठावीस वर्षांनीसुद्धा नाही. लेखिकेचे मन फार मोठे आहे. एवढे मोठे मन असणे बरे नव्हे.”

पाचव्यावर सही नाही. नजरचुकीने राहिली असावी. तरी पाठवत आहे.

रविवार, २ मार्च रोजी सकाळी दहाला या कादंबरीवर वाचकांची बैठक ठेवली आहे. ज्यांनी पहिला भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी मी सारांश लिहिला आहे. तो तपासून द्यावा, ही विनंती.

“पहिला भाग: शनीच्या एका गोठलेल्या चंद्रावर दोन ठाणी आहेत, जवळचे आणि दूरचे. जवळच्या ठाण्यावर उल्का यंत्रे आखते आणि ईरा ती तपासते. दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे. पृथ्वीवरील कचेरीला ते कळते. कचेरी दोघींकडे लेखी निवेदन मागते. ईरा ते लिहून देते आणि खाली सही करते. उल्का देत नाही. उल्काला एकटीला दूरच्या ठाण्यावर पाठवले जाते.

दुसरा भाग: अठ्ठावीस वर्षांनी दूरच्या ठाण्याच्या दारावर टकटक होते. बाहेर हेल्मेट घातलेली एक बाई उभी असते. लेखिका तिचे नाव शेवटपर्यंत सांगत नाही, परंतु ती ईरा आहे हे उघड आहे. उल्का तिला आत घेते. दोघी एकत्र राहू लागतात.”

बैठकीस आपण उपस्थित राहू शकाल का, ते कळवावे.

आपली,
सौ. हे. अ. सबनीस
कार्यवाह


जयनगर
३ फेब्रुवारी

श्रीमती हुद्दार यांस,

आपले पोस्टकार्ड शुक्रवारी मिळाले. तीनच ओळी. “सारांशाच्या पहिल्या परिच्छेदात दुरुस्ती नाही. पाचव्या अभिप्रायाखाली सही नाही, नियम तुमचाच ना? सबनीस म्हणजे पूर्वीच्या कोण?”

सारांश मान्य केल्याबद्दल आभारी आहे.

मी पूर्वीची कुरुंदवाडकर.

हे तुला पहिल्या पत्रावरूनच कळलं असणार. माझं अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. सात वर्षं तू आखलेल्या प्रत्येक भागाच्या तपासणी-पत्रकावर ते होतं. मग विचारलंस कशाला? मी स्वतःच्या हाताने लिहावं म्हणून. ठीक आहे. लिहिलं.

सौ. लिहिलं तेही बरोबर नाही. अरविंद २०१९ साली गेले. जुन्या लेटरहेडवर सौ. छापलेलं आहे आणि अजून दीड गठ्ठा शिल्लक आहे. ते चांगले गृहस्थ होते. रोज सकाळी कॉफीचं डिकॉक्शन घालून ठेवत, माझ्या आधी उठून. त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. एकोणतीस वर्षं एका माणसाविषयी काहीच तक्रार नसणं म्हणजे काय, ते तुला सांगायची गरज नाही.

तू कादंबऱ्या लिहितेस हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. पहिला भाग मी वाचनालयासाठी मागवला, यादीत नाव दिसलं म्हणून. कव्हर घातलं, शिक्का मारला, नोंद केली, मग उभ्या उभ्या उघडलं. चाळिसाव्या पानावर ईराच्या उजव्या तर्जनीचं टोक दाबयंत्रात सापडून तुटतं, आणि उल्का ते रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेते. मी खाली बसले. तेव्हा तुझा रुमाल पांढरा होता, कडेला निळी रेघ. ती रेघ तू पुस्तकात घातली नाहीस. बरं केलंस.

पुढे निवेदनाचं पान आलं. त्या पानावर माझ्या वतीने एक गोष्ट सांगायची आहे. १९८८ साली कारखान्यात आपल्या दोघींविषयी निनावी पत्र कोणी टाकलं, ते मला कधीच कळलं नाही. कार्मिक विभागात मला एकटीला बसवलं होतं. घरी आई अंथरुणावर, मी थोरली. काय लिहून दिलं, ते आता मला नीटसं आठवतही नाही.

पाचव्या अभिप्रायाविषयी: चौकशी करते.

हेमलता


जयनगर
१७ फेब्रुवारी

प्रतिमा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते आहे, कारण बैठक दोन आठवड्यांवर आली आणि काही गोष्टी ठरवायला हव्यात.

तू आलीस तर माझ्याकडे उतर. फ्लॅट तळमजल्यावर आहे, जिने चढायचे नाहीत. मागची खोली रिकामी केली आहे. तिथे माझी शिलाई मशीन आणि अरविंदांची फायलींची पेटी होती. पेटी उचलताना शेजारच्या भाग्यलक्ष्मी अम्मा मदतीला आल्या. म्हणाल्या, “अक्का, कोण येतंय? मुलगी?”

म्हटलं, “मला मुलगी कुठंय अम्मा? मैत्रीण.”

“मैत्रिणीसाठी नवीन पडदा?” आणि हसल्या. “सरी, सरी, असू दे. या वयात मैत्रीण म्हणजे देवच.”

मी त्यांना म्हटलं, पेटीचं टोक सांभाळा. पण दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं.

आता खरं सांगते, कारण अर्धवट सांगणं मला जमत नाही आणि गेल्या पत्रात मी तेच केलं. दुसरा भाग आला तेव्हा मी तो अभिप्रायाच्या नियमात बसत नाही अशा रीतीने वाचला. आधी शेवट वाचला. दारावर टकटक होते. उल्का विचारते, “किती लांबून आलात?” बाई म्हणते, “लांबून नाही. उशिरा.” आणि उल्का दार उघडते. मी पुस्तक मिटलं आणि खुर्चीतच बसून राहिले. त्या दिवशी वाचनालय अर्धा तास उशिरा उघडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हेरेकर बाहेर उभे होते. त्यांनी घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, दिसतंय मला.

तू मला आत घेतलंस. कागदावर का होईना, घेतलंस. हे मी कोणाला सांगणार होते? म्हणून तुला सांगते.

पाचवा अभिप्राय माझा आहे. चौकशी करण्यासारखं त्यात काही नव्हतं. सही राहिली नव्हती, मी केली नव्हती. वाचून आनंद एवढा झाला की राग आला. इतक्या सहज दार उघडायचं? मला वाटत होतं तू किमान विचारशील. ईराने काय काय सोसलं, कशी झुरली, ते वदवून घेशील. तू काहीच विचारलं नाहीस. गरम सूप दिलंस.

आठवतं का, चौथ्या ब्लॉकमधल्या आपल्या खोलीत भिंतीला लागून एकच टेबल होतं? तू आखायचीस, मी शेजारी बसून वाचायची. एकदा तू विचारलंस, “हेमा, तू माझ्यात कधी चूक काढतेस का गं, की फक्त कामात?” मी म्हटलं, “फक्त कामात. तुझी सहन-मर्यादा ठरलेली नाही.” कारखान्यात भागाचं माप थोडं इकडेतिकडे झालेलं किती चालेल, त्याला आपण सहन-मर्यादा म्हणायचो. तू हसून लोळलीस. मी विनोद केल्याची तेवढीच नोंद असेल.

अर्पणपत्रिकेत “शिवलीलास, जिने दार ठोठावलं” असं आहे. भाची असावी असं मला वाटतं. तुझ्या थोरल्या भावाची मुलगी ना? तिलाही बरोबर आण. खोलीत दोघी मावाल.

धारवाडहून सकाळची गाडी दुपारी पोचते. मी यशवंतपूरला येईन. ऑटोवाले मला ओळखतात, जास्त सांगत नाहीत.

तुझी,
हेमा


जयनगर
५ मार्च

प्रतिमा,

तुझं कार्ड शनिवारी, बैठकीच्या आदल्या दिवशी आलं. “येणं होणार नाही. सारांशाचा दुसरा परिच्छेद पुन्हा तपासावा. शिवलीला माझी भाची नाही. – प्र.”

मी ते तीनदा वाचलं आणि सारांशात व्याकरणाची चूक शोधत बसले. छत्तीस वर्षं तपासणीत काढलेल्या बाईला समोर लिहिलेलं दिसत नव्हतं. त्याआधी तू लिहिलं होतंस की पहिल्या परिच्छेदात दुरुस्ती नाही. दुसऱ्याविषयी तू अवाक्षर काढलं नव्हतंस. ते मी ‘मान्य’ म्हणून धरलं. माझ्या हाताखालच्या मुलीने असं धरलं असतं तर मी तिला दाराबाहेर उभी केली असती.

बैठकीत काय झालं, ते क्रमाने सांगते.

सतरा माणसं आली. एवढी दिवाळी अंकांनाही येत नाहीत. मी सारांश वाचला, दोन्ही परिच्छेद. ‘ती ईरा आहे हे उघड आहे’ हेही वाचलं. तेव्हा वेदिकाने हात वर केला. ही चौथ्या अभिप्रायाची मुलगी. सव्वीस वर्षांची, कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे माझ्याच धंद्यातली. पहिल्यांदा वाचनालयात आली तेव्हा बरोबर एक मुलगी होती. मी विचारलं, ही कोण, तर म्हणाली, “माझी पार्टनर, मावशी. तिचं पण कार्ड काढायचंय.” मी म्हटलं, पत्त्याचा पुरावा लागेल. एवढंच म्हटलं. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नव्हतं. पुरावा म्हणून दोघींनी भाडेकरार आणला होता. दोघींची नावं एकाखाली एक, दोन सह्या.

तर वेदिका म्हणाली, “मावशी, ती ईरा नाहीये.”

हेरेकर म्हणाले, “नाही कशी? मग एवढ्या लांब कोण येणार? टपाल?”

“पान दोनशे अकरा काढा, काका. ‘तिने हातमोजे काढले. दहाही बोटांची टोकं थंडीने लाल झाली होती.’ दहाही. ईराचं एक टोक पहिल्या भागात चाळिसाव्या पानावर तुटलंय. तिची नऊच असणार.”

सगळे पानं उलटू लागले. रम्या म्हणाली, “अगं बाई. म्हणजे मी उगाच चिडले.” हेरेकर मानेनात. लेखिका विसरली असेल, प्रूफवाल्याची चूक असेल, दहा म्हणायची आपली पद्धतच आहे. वेदिका म्हणाली, “मॅम विसरल्या असत्या तर ‘दहाही’ कशाला लिहिलं असतं? नुसतं ‘बोटं’ लिहिलं असतं. मुद्दाम मोजलीयेत. ही दुसरीच कोणीतरी आहे. पुस्तकाचं नावच बघा ना. ईराची वाट बघणं उल्काने कधीच सोडलेलं होतं.”

मग हेरेकर माझ्याकडे वळले. “सबनीसबाई, तुम्ही आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये काढलंत. तुम्हीच निकाल द्या. ही चूक आहे की नाही?”

ते वाक्य मी निदान सहा वेळा वाचलेलं होतं, प्रतिमा. प्रत्येक वेळी मला थंडी दिसली. तिला थंडी वाजते आहे आणि तू सूप देते आहेस, एवढंच दिसलं. बोटं मी मोजली नाहीत. आपल्याला हवा तो भाग हातात आला की कोण माप घेतं?

सतरा माणसं थांबली होती. खाली हॉलमध्ये मुलीची पाठवणी चाललेली होती, ध्वनिक्षेपकावर कोणीतरी चपला शोधत होतं. मी म्हणू शकले असते की चूक आहे. माझा शब्द तिथे शेवटचा असतो. हेरेकरांनी मान डोलावली असती आणि ईरा आत राहिली असती.

मी म्हटलं, “चूक नाही. माप बरोबर आहे. ती ईरा नाही.”

आणि मग हेरेकरांनी विचारलं, सहज, कागद खाली-वर करत, “मग हा पाचवा अभिप्राय कोणाचा? बिनसहीचा? नियम फक्त आम्हाला काय?”

मी उजवा हात टेबलावर ठेवला, पालथा. रम्याने आधी पाहिलं. ती बावीस वर्षं माझ्या हातून पुस्तकं घेते आहे, तिला ते बोट माहीत आहे. “मावशी, तुमचं बोट...” एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, “अभिप्राय माझा आहे. आणि ते निवेदनही माझं. चंद्रावर नाही, इथे, होसूर रोडच्या अलीकडे, आमच्या कारखान्यात. सही मी केली होती. लेखिकेने पुढे काय सोसलं, ते पहिल्या भागात आहे. तो वाचावा.”

हेरेकरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. वेदिकाच्या शेजारी तिची ती मैत्रीण बसली होती, तिला मराठी येत नाही. वेदिका तिला हळू आवाजात सांगत होती, आणि मध्येच थांबली. रम्याने थर्मासमधून कॉफी ओतून माझ्यापुढे ठेवली. “स्वल्प साखर आहे,” म्हणाली. मी साखर घेत नाही हे तिला माहीत आहे. मी ती प्यायले.

नंतर सगळे पुस्तकं बदलून गेले. वेदिका शेवटी राहिली. “मावशी, मला माहीत नव्हतं. मी असं बोलायला नको होतं.”

मी तिला म्हटलं, “जे पानावर आहे ते तू वाचलंस. त्याची माफी मागायची नाही.”

आज बुधवार. तीन दिवस हे पत्र टेबलावर आहे.

मी लिहिलं होतं की निवेदनात काय होतं ते मला आठवत नाही. ते खोटं होतं. ते मला शब्दशः पाठ आहे. तीन वाक्यं होती. ‘प्रतिमा हुद्दार यांच्याशी माझा संबंध खोली वाटून घेण्यापुरता आहे. त्यांचे वागणे मला पसंत नाही. मी स्वखुशीने वेगळी जागा पाहत आहे.’ तसाच छापील कागद तुझ्यापुढेही ठेवला होता. तू तो कोरा परत केलास, आणि आठव्या दिवशी तुला बदलीचा हुकूम आला. तू पेटी बांधत होतीस तेव्हा मी खिडकीशी उभी राहून सांगत होते की दोन वर्षांत सगळं निवळेल. तू फक्त विचारलंस, “सही पूर्ण नावाने केलीस?” मी हो म्हटलं. तू म्हणालीस, “चांगली झाली असेल. तुझी सही चांगली असते.” त्यानंतर तू मला काही म्हणाली नाहीस. सदतीस वर्षं.

आईचं कारण खरं आहे, पण ते कारण नाही. आई म्हणाली असती तर मी तिच्याशी भांडले असते. मला भीती वाटली. टेबलापलीकडे पेन घेऊन बसलेल्या एका माणसाची. त्याचं नावही आठवत नाही.

पाचव्या अभिप्रायाची दुरुस्त प्रत सोबत आहे. जुनी रद्द धरावी. मागच्या खोलीत मशीन परत नेलं आहे. पडदा राहू दिला, माप बरोबर बसलं होतं.

शिवलीला यांना माझा नमस्कार सांगावा. पत्राचं उत्तर नको.

हेमलता


अभिप्राय क्र. ५ (दुरुस्त)

“कादंबरी उत्तम आहे. दारावर येणारी बाई ईरा नाही. ईरा निघाली होती असे दोन्ही भागांत कोठेही लिहिलेले नाही, आणि ती निघाली नव्हती. उल्काने दुसरीसाठी दार उघडले ते योग्य केले. तिला थंडीत एकटे राहावे लागले नाही, याचा या वाचकाला आनंद आहे. तिसरा भाग लिहिल्यास त्यात ईराला आणू नये. दि. ११ ऑगस्ट १९८८ च्या निवेदनातील तिन्ही वाक्ये खोटी होती.”

– हेमलता कुरुंदवाडकर, स. क्र. १४
(सही)